'लीकी गट'ची तपासणी करून घेण्याआधी

जेवण झालं की पोट टम्म फुगतं. कधी सकाळी तीन-चारदा धावावं लागतं, तर कधी दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. अधूनमधून अंगावर पित्त उठतं, दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासून झाली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, पण त्रास काही जात नाही. माणूस पुरता कंटाळलेला असतो आणि तेव्हाच कुणीतरी सांगतं की तुमचं आतडं 'लीक' होतंय. सांगणारा कधी जिममधला ट्रेनर असतो, कधी वजन कमी करण्याच्या ग्रुपवरची आहारसल्लागार, कधी मोबाइलवर आलेली एखादी रील. पाठोपाठ पॅकेज येतं: रक्तातलं किंवा शौचातलं झोन्युलिन, शंभर-दोनशे पदार्थांची फूड इंटॉलरन्स तपासणी आणि पुढे काही महिन्यांची पावडर.

माझं मत आधीच सांगते. आतड्याच्या अस्तरातून नको ते आत झिरपणं ही खरी गोष्ट आहे. ती मोजता येते आणि तिच्यावर चांगलं संशोधन चालू आहे. पण आज पैसे भरून मिळणाऱ्या चाचणीच्या आकड्यावरून तुमच्या त्रासाचं कारण कळत नाही आणि औषधही ठरत नाही. शिवाय या खर्चात आणि धावपळीत ज्या तपासण्यांनी खरोखर काही कळलं असतं त्या राहून जातात. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. हा थर जेमतेम तीन ते पाच दिवसांत नवा होतो. त्याच्यावर चिकट श्लेष्म्याचं आवरण असतं आणि शेजारशेजारच्या पेशी प्रथिनांच्या सांध्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. हे सांधे कायमचे बंद नसतात. पाणी, क्षार, काही छोटे रेणू त्यांतून ये-जा करतात आणि गरजेप्रमाणे सांधे सैल-घट्ट होतात. म्हणजे थोडी पारगम्यता ही निरोगी आतड्याचीच खूण आहे. प्रश्न ती प्रमाणाबाहेर वाढल्यावर येतो. गव्हामुळे अस्तराला इजा होणाऱ्या सिलिअ‍ॅक आजारात ती वाढते, आतड्याला सूज आणणाऱ्या क्रोन्स आजारात वाढते. केमोथेरपी चालू असताना, मोठ्या भाजण्यात, रक्तात जंतुसंसर्ग पसरला असताना वाढते. दारूने वाढते, दुखण्यावरच्या गोळ्यांनी वाढते. कडक उन्हात तासन् तास धावणाऱ्याच्या आतड्यातही ती काही काळ वाढलेली सापडते. इथपर्यंत डॉक्टरांमध्ये फारसा वाद नाही.

वाद पुढे आहे. आजारामुळे आतडं झिरपू लागतं, की झिरपतं म्हणून आजार होतो? सिलिअ‍ॅकच्या रुग्णाने गहू पूर्ण सोडला की अस्तर भरून येतं आणि पारगम्यताही कमी होते. तिथे झिरपणं हा बऱ्याच अंशी परिणाम दिसतो. क्रोन्सचं चित्र वेगळं आहे. कॅनडातून चालवलेल्या एका मोठ्या प्रकल्पात क्रोन्सच्या रुग्णांची १४२० निरोगी भावंडं आणि मुलं वर्षानुवर्षं तपासली गेली. त्यांतल्या ५० जणांना पुढे हा आजार झाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांची पारगम्यता आधीच वाढलेली होती त्यांच्यात ही शक्यता सुमारे तिप्पट होती. निदानाच्या काही वर्षं आधीच आतडं झिरपत होतं. हा मोलाचा पुरावा आहे. पण तो क्रोन्सच्या घरातल्या माणसांबद्दल आहे. थकवा, मुरमं, सांधेदुखी, थायरॉइड, मुलांमधला स्वमग्नपणा या सगळ्यांचं मूळ एकाच झिरपण्यात आहे असं सांगितलं जातं, त्याला या अभ्यासाचा आधार नाही. म्हणूनच 'लीकी गट सिंड्रोम' या नावाचं निदान पोटविकारतज्ज्ञ करत नाहीत. रुग्णाचा त्रास त्यांना खोटा वाटत नसतो. या नावाने ठरलेला एक आजार, त्याची ठरलेली चाचणी आणि ठरलेला उपचार असं काही हातात नाही, एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

झोन्युलिनचा आकडा काय सांगतो

सगळ्यात जास्त विकली जाते ती झोन्युलिनची तपासणी, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर. या शोधाची सुरुवात पटकीच्या लशीपासून झाली. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात अलेसिओ फासानो पटकीच्या जंतूवर काम करत होते. जंतूचं मुख्य विष काढून टाकलेली लस घेतलेल्यांनाही थोडे जुलाब होत होते. कारण शोधताना १९९१ मध्ये त्यांच्या गटाला पेशींमधले सांधे सैल करणारं जंतूचं दुसरं एक विष सापडलं. मग असंच काम करणारं एखादं द्रव्य माणसाच्या शरीरातही असेल का, हा प्रश्न पुढे आला आणि त्यातून २००० मध्ये झोन्युलिनचं वर्णन प्रसिद्ध झालं. २००९ मध्ये याच गटाने सांगितलं की झोन्युलिन म्हणजे हॅप्टोग्लोबिन-२ या रक्तातल्या प्रथिनाचं पूर्वरूप. गव्हातल्या ग्लुटेनच्या एका भागामुळे ते स्रवतं, हेही त्यांनी दाखवलं. संशोधन म्हणून हे सगळं महत्त्वाचं आहे आणि फासानो यांच्या कामाबद्दल मला आदर आहे.

घोटाळा तपासणीच्या किटमध्ये आहे. काही लोकांच्या जनुकांत हॅप्टोग्लोबिन-२ नसतंच. त्यांच्या शरीरात हे झोन्युलिन तयार होऊ शकत नाही, म्हणजे त्यांच्या रक्तात तपासणी शून्य यायला हवी. २०१८ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी बाजारात सर्वाधिक वापरलं जाणारं किट तपासलं, तर या लोकांच्या रक्तातही ते आकडा दाखवत होतं. ते दुसरीच कुठली तरी मिळतीजुळती प्रथिनं पकडत होतं. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका गटाला दोन वेगवेगळ्या किटबद्दल असाच अनुभव आला. दोन्ही किट अपेक्षित प्रथिन मोजत नव्हती. तेव्हा रिपोर्टवर झोन्युलिनपुढे एक आकडा आणि त्याच्याशेजारी ठळक 'एच' छापून आला, तरी त्या आकड्याने नेमकं काय मोजलंय हे प्रयोगशाळेलाही सांगता येत नाही. त्या आकड्यावरून तुमच्या ताटातली पोळी काढून घेणं मला योग्य वाटत नाही.

झोन्युलिनचं काम रोखण्यासाठी लॅराझोटाइड नावाचं औषध तयार झालं होतं. सिलिअ‍ॅकच्या रुग्णांवर त्याची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी चालू होती. मधल्या टप्प्यावर आकडे पाहिले तेव्हा फायदा सिद्ध होण्याची आशा उरली नाही आणि २०२२ मध्ये ती थांबवली. झिरपणं बंद केलं की आजार सुटेल, हे वाटतं तितकं सरळ नाही.

फूड इंटॉलरन्सच्या नावाखाली जी तपासणी होते तीत आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडांची मोजणी असते. एखादा पदार्थ आपण नेहमी खातो म्हणून त्याच्याविरुद्ध ही प्रतिपिंडं असतात. शरीराला त्या पदार्थाची ओळख झाली आहे, इतकाच त्याचा अर्थ. युरोपच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच ही तपासणी अन्नाच्या त्रासाच्या निदानासाठी करू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. रोज दूध, गहू, तूरडाळ, शेंगदाणे खाणाऱ्या घरात रिपोर्टवर दूध, गहू, तूरडाळ आणि शेंगदाणेच लाल रंगात येणार. ते सगळं बंद केलं तर उरतं काय? वाढत्या वयाच्या मुलांच्या किंवा गरोदर बाईच्या ताटातून अशा रिपोर्टवरून पदार्थ काढू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दोन साखरांची चाचणी

पारगम्यता मोजण्याची जुनी, संशोधनात रुळलेली पद्धत वेगळी आहे. रात्रभर उपाशी राहायचं. सकाळी लघवी करून यायचं आणि पाण्यात विरघळवलेल्या दोन साखरा प्यायच्या, लॅक्ट्युलोज आणि मॅनिटॉल. लॅक्ट्युलोज म्हणजे बद्धकोष्ठासाठी औषधाच्या दुकानात सिरप मिळतं तेच. त्यानंतरचे पाच-सहा तास होणारी सगळी लघवी एका मोठ्या कॅनमध्ये जमा करायची, एक थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही. मॅनिटॉलचा रेणू छोटा असतो. निरोगी माणसात त्याचा दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त लघवीत उतरतो. लॅक्ट्युलोजचा रेणू मोठा, त्याचा शंभरावा हिस्साही उतरत नाही. दोन्ही साखरा एकाच पोटातून, एकाच मूत्रपिंडातून जातात, त्यामुळे पोट हळू रिकामं झालं किंवा लघवी थोडी कमी जमली तरी त्यांचं गुणोत्तर फारसं बिघडत नाही. युक्ती चांगली आहे. अस्तराला इजा झाली की मोठा रेणू जास्त झिरपतो, पृष्ठभाग कमी झाला म्हणून छोटा रेणू कमी शोषला जातो आणि गुणोत्तर वाढतं.

पण ही चाचणी नाजूक आहे. मॅनिटॉल फ्लॉवर, मशरूम, कलिंगडात असतं, साखरविरहित च्युइंगममध्ये असतं, कितीतरी गोळ्यांमध्ये भर म्हणून घातलेलं असतं. आदल्या दिवशीच्या फ्लॉवरच्या रश्श्यानेही आकडा हलू शकतो. म्हणून अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये मायकेल कॅमिलेरी यांच्या गटाने खूण केलेल्या कार्बनचं मॅनिटॉल वापरायला सुरुवात केली. पहिल्या दोन तासांची लघवी लहान आतड्याबद्दल सांगते आणि आठ तासांनंतरची मोठ्या आतड्याबद्दल. मधल्या वेळेत दोन्हींचं मिश्रण असतं. कुठली साखर, किती ग्रॅम, किती तास, हे प्रयोगशाळेगणिक बदलतं, त्यामुळे एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी जुळवता येत नाही. गटांची तुलना करायला ही पद्धत उपयोगी पडते. एका माणसाच्या निदानासाठी ती अजून रुळलेली नाही.

आपल्याकडच्या वाचकांनी इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, आणि तिच्याबद्दल रिपोर्ट देणारे बोलत नाहीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथन यांनी गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत दाखवून दिलं की दक्षिण भारतातल्या कुठलाही त्रास नसलेल्या माणसांचं आतड्याचं अस्तर पाश्चात्त्य देशांतल्या माणसांपेक्षा वेगळं दिसतं. अस्तरावरचे केसासारखे उंचवटे काहीसे आखूड असतात आणि शोषण थोडं कमी असतं. त्याच काळात पूर्व पाकिस्तानात राहायला आलेल्या अमेरिकन तरुण स्वयंसेवकांच्या आतड्यांतही हे बदल झाले आणि मायदेशी परतल्यावर ते हळूहळू भरून निघाले. दूषित पाणी आणि पुन्हापुन्हा होणारे जंतुसंसर्ग हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं. साखरांच्या चाचणीतही उष्ण कटिबंधातल्या निरोगी माणसांचं गुणोत्तर युरोपातल्यांपेक्षा जास्त येतं. १९९९ मध्ये इयन मेंझिस आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतल्या निरोगी लोकांची तुलना करून हे दाखवलं. मग जर्मनीत किंवा अमेरिकेत ठरवलेली 'नॉर्मल'ची मर्यादा मालेगावच्या किंवा मिरजेच्या माणसाला लावली तर तो निरोगी असूनही आजारी ठरणार.

दूषित पाण्याने आणि संसर्गांनी आतडं असं झिरपू लागणं लहान मुलांच्या बाबतीत फार गंभीर आहे. गांबियातल्या बाळांवरच्या १९९१ च्या अभ्यासात आतड्याची पारगम्यता जितकी जास्त तितकी बाळाची वाढ कमी असं दिसलं होतं. 'गळक्या' आतड्याची खरी झळ कुणाला बसत असेल तर ती या मुलांना. त्यांच्यासाठी शुद्ध पाणी, लसीकरण, वेळेवर वरचं अन्न हे तर हवंच. पण नुसते संडास आणि हात धुण्याची सोय करूनही वाढ सुधारली नाही, असं बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतल्या मोठ्या चाचण्यांमध्ये २०१८ मध्ये दिसलं. इलाज सापडायचा आहे आणि संशोधनाचा पैसा तिकडे जायला हवा.

त्याऐवजी काय तपासावं

तपासणी सुचवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: आकडा जास्त आला तर तुम्ही काय कराल आणि नॉर्मल आला तर काय कराल? दोन्ही वेळा उत्तर 'गहू-दूध बंद आणि ही पावडर' असं असेल तर ती तपासणी करू नका.

आधी धोक्याच्या खुणा पाहा. शौचातून रक्त, विनाकारण वजन उतरणं, झोपेतून उठवणारे जुलाब, संध्याकाळचा ताप, हिमोग्लोबिन कमी होणं, चाळिशी-पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच शौचाच्या सवयी बदलणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग किंवा क्रोन्स असणं. यांतलं एक जरी असेल तर थेट पोटविकारतज्ज्ञांकडे जा. उजव्या बाजूला खाली दुखतंय, बारीक ताप आहे, वजन घटतंय, तर आपल्याकडे आतड्याचा क्षयही असू शकतो. तो क्रोन्ससारखाच दिसतो आणि दुर्बिणीने तुकडा घेऊन तपासल्याशिवाय फरक कळणं अवघड असतं. असा माणूस चार-सहा महिने 'गट हीलिंग'च्या पावडरीवर राहिला तर ते जिवावर बेतू शकतं.

धोक्याची खूण नसेल तर साध्या तपासण्यांपासून सुरुवात करायची. रक्तगणना, फेरिटिन, बी-१२, थायरॉइड, साखर आणि शौचाची साधी तपासणी. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन आतड्याला सूज आहे का हे सांगतं. ते नॉर्मल आलं तर क्रोन्सची शक्यता बरीच कमी होते. मात्र दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर हा आकडाही वाढतो, म्हणून त्या डॉक्टरांना आधी सांगा. दूध प्यायल्यावरच पोट बिघडत असेल तर दोन आठवडे दूध बंद करून पाहा. दुधातली साखर न पचणं आपल्याकडे सर्रास आढळतं आणि अशांतल्या पुष्कळांना दही-ताक चालतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन सुरू झाल्यावर जुलाब लागले असतील तर कारण तेच असू शकतं.

सिलिअ‍ॅकसाठी रक्तातल्या टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीएची तपासणी होते. इथे एक पथ्य कटाक्षाने पाळायला हवं: तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. गहू बंद केला की प्रतिपिंडं उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो. आधीच सोडला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने किमान सहा आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत पोळी खाऊन मग तपासणी करावी लागते. 'लीकी गट'च्या सल्ल्याने गहू सोडलेल्यांचं निदान असंच चुकतं. आणि सिलिअ‍ॅक निघालाच तर पथ्य अर्धवट चालत नाही. पोळीबरोबर रवा, शेवया, मैदा तर जातातच, पण बाजारातल्या बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं, थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो आणि ज्या गिरणीत गहू दळला त्याच जात्यातून निघालेलं ज्वारीचं पीठही चालत नाही. त्यासाठी खडा हिंग आणायचा आणि ज्वारी-नाचणी घरच्या वेगळ्या चक्कीवर दळायची. निदान पक्कं झालेलं असेल तरच हा जन्मभराचा खटाटोप सार्थकी लागतो.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण आतडं झिरपण्याचं आपल्या घरांतलं सगळ्यात रोजचं आणि टाळता येण्याजोगं कारण हेच. लंडनच्या इन्गवार ब्यारनासन यांनी ऐंशीच्या दशकात दाखवलं की आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकच्या वर्गातल्या गोळ्या लहान आतड्याची पारगम्यता वाढवतात. सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली की झालं, असा समज आहे. ती गोळी जठराचं रक्षण करते, पुढच्या आतड्याचं करत नाही. गुडघेदुखीसाठी दुकानातून पट्टी आणून महिनोन् महिने गोळी घेणारी आई किंवा आजी घरात असेल तर तिची पट्टी पाहा, डॉक्टरांना दाखवा आणि दुसरा उपाय विचारा. हृदयासाठी दिलेली छोटी अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नका.

आता पावडरी. त्यांत बहुधा ग्लुटामिन असतं. त्याच्या बाजूने एक चांगली चाचणी आहे. अमेरिकेत १०६ जणांवर केलेल्या या अभ्यासात आठ आठवडे रोज तीन वेळा ५ ग्रॅम ग्लुटामिन घेतलेल्यांतले सुमारे ८० टक्के लोक सुधारले, नकली पावडर घेतलेल्यांतले जेमतेम ६ टक्के. आकडे भारावून टाकणारे आहेत. पण निवडलेले लोक फार विशिष्ट होते. पोटाच्या संसर्गानंतर जुलाबाचा आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) झालेले आणि साखरांच्या चाचणीत पारगम्यता खरोखर वाढलेली, असे. इतर कुणाच्या फुगलेल्या पोटाला हा निष्कर्ष लावता येत नाही. आणि ग्लुटामिन सर्वांना निरुपद्रवी आहे असंही नाही. अतिदक्षता विभागातल्या, अनेक अवयव निकामी होऊ लागलेल्या रुग्णांना मोठ्या मात्रेत ते दिल्यावर मृत्यू वाढल्याचं २०१३ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका.

तपासणी होऊन गेली असेल आणि तुम्ही पाच-सहा पदार्थ सोडून बसला असाल, तर रिपोर्ट फाडू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. सिलिअ‍ॅक नाही आणि खऱ्या अ‍ॅलर्जीचा, म्हणजे खाल्ल्यावर लगेच ओठ सुजणं, धाप लागणं असा इतिहास नाही हे पक्कं झालं की पदार्थ एकेक करून परत आणता येतात. एका वेळी एकच. पहिल्या दिवशी अर्धी वाटी, दुसऱ्या दिवशी एक वाटी, तिसऱ्या दिवशी नेहमीइतकं, आणि मग तीन दिवस थांबायचं. वहीत पदार्थ, वेळ, पोट कसं होतं आणि झोप किती झाली हे लिहून ठेवायचं, कारण जागरणानंतरच्या सकाळी पोट बिघडलं तर दोष उगाच तूरडाळीवर जातो. डाळी भिजवून, पुरत्या शिजवून सुरू करा, कांदा-लसूण शेवटी आणा. त्रास झाला तर तो पदार्थ बाजूला ठेवा आणि महिन्याभराने थोड्या मात्रेत पुन्हा करून पाहा. तोवर वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर करत राहा आणि ते उतरू लागलं तर वही घेऊन लगेच दवाखान्यात जा.